आकाशाची मोजणी

भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाई ह्या आमच्या गावी एखादा परस्थ मनुष्य आला आणि "अमुक गाव येथून किती लांब आहे?" असे त्याने पारावर विचारले, तर त्यास किलोमीटरांत उत्तर देणारा इसम अद्याप जन्मास यावयाचा आहे. पारावरील वृद्ध गृहस्थ प्रथम विचारणाऱ्याच्या पायांकडे पाहतील, मग मान वर करून सूर्य कोठवर आला आहे ह्याची रुजवात घेतील, आणि नंतरच "आता निघालास तर दिवे लागायला पोचशील" असा निवाडा देतील. गाव त्याहून जवळ असेल तर ते 'विडी ओढून होईतो' येते, आणखी जवळ असेल तर 'हाकेच्या अंतरावर' असते, आणि अगदीच दूर असेल तर, परक्या माणसाचा धीर खचू नये ह्या सद्हेतूने, "हे काय, इथंच" एवढेच सांगण्यात येते. आमच्या गावचा हिरव्या मिरचीचा बाजार पंचक्रोशीत ख्यातकीर्त आहे. परंतु परप्रांतास निघालेल्या मिरचीच्या ट्रकापाशी उभे राहून तुम्ही कान दिलात, तर तेथेही मैलांचा हिशेब कोणी करीत नाही. देठ हिरवा आहे तोवर माल पोहोचला पाहिजे, एवढेच व्यापारी ट्रकवाल्यास बजावतो. मिरचीच्या लेखी जगातील सर्व अंतरे देठात मोजली जातात.

ही पद्धत अडाणीपणाची आहे, असे माझे पुष्कळ वर्षे मत होते. शाळामास्तरकीची उभी हयात मुलांकडून किलोमीटरांचे मीटर आणि मीटरांचे सेंटिमीटर करवून घेण्यात गेलेल्या मनुष्याचे दुसरे कोणते मत असणार? ते मत बदलण्यास माझे मामा, त्यांची अमेरिकेतील कन्या आणि सॅन फ्रान्सिस्को येथील विमानतळ ही तीन कारणे एकाच वर्षी एकत्र यावी लागली.

आमचे मामा भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होते. सेवानिवृत्त होऊन त्यांस बरीच वर्षे झाली. तथापि निवृत्त झाले ते त्यांचे पद. त्यांची नजर निवृत्त झालेली नाही. लग्नाच्या मांडवात गेले तरी मांडवाचा एक कोन काटकोनापेक्षा उणा आहे हे त्यांस अक्षता पडण्यापूर्वी कळते, आणि पंगतीत बसले तरी शेजाऱ्याच्या पत्रावळीने आपल्या हद्दीत किती बोटे अतिक्रमण केले आहे ह्याची नोंद ते मनातल्या मनात करून ठेवतात. तेहतीस फुटांची, सोळा आण्यांची साखळी हे त्यांचे दैवत. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. ह्या दोन वाक्यांत बसत नाही असे काही विश्वात असेल, ह्यावर त्यांचा विश्वास नव्हता.

अशा ह्या मामांची कन्या सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात आपल्या यजमानांसह संसार थाटून होती, आणि तिच्या पहिल्या बाळंतपणास आईवडिलांनी तेथे जावे असे ठरले. मराठी घरांतील अनेक आईवडिलांचे पहिले परदेशगमन हे नातवंडाच्या आगमनानिमित्तच होत असते. पर्यटन हा त्यातील दुय्यम हेतू, आणि डिंकाचे लाडू हा मुख्य. कन्येने भ्रमणध्वनीवर सर्व तपशील पाठविला, त्यात एक ओळ अशी होती की, मुंबई विमानतळ ते सॅन फ्रान्सिस्को विमानतळ हे अंतर सुमारे १३,५०० किलोमीटर असून प्रवासास १६ तास लागतील. ती ओळ मी मामांस वाचून दाखविली, हीच माझी चूक.

"हे कुणी मोजलं?" मामांनी चष्मा कपाळावर सरकवीत विचारले.

"संगणकानं मोजलं, मामा."

"साखळी कुणी धरली होती?"

"साखळी नाही मामा, गणितानं काढतात ते."

"मंग त्याला मोजणी कामून म्हणता? अदमास म्हणा. लगतच्या खातेदारांना नोटिसा निघाल्या होत्या का? हद्दीच्या खुणा कुठं रोवल्या?"

मजपाशी उत्तर नव्हते. मामांनी तोवर पाटी ओढून हिशेब मांडला होता. १३,५०० किलोमीटर म्हणजे तेरा लाख बेचाळीस हजारांहून थोड्या अधिक साखळ्या. एक भूकरमापक आणि दोन साखळीवाले दिवसाकाठी चारशे साखळ्या टाकतील असे धरले, तर सुट्ट्या आणि पावसाळा वगळूनही हे काम नऊ वर्षांवर जाते. आणि एवढे काम झाल्याचे खात्याच्या कोणत्याही परिपत्रकात त्यांच्या वाचण्यात आले नव्हते. सबब सदरहू आकडा प्रथमदर्शनी संशयास्पद ठरला.

त्यांचे समाधान करावे म्हणून मी त्यांस जिल्हा परिषदेच्या शाळेत घेऊन गेलो. तेथील भिंतीवर जगाचा नकाशा आहे आणि कपाटावर पृथ्वीचा एक गोल आहे, ज्यावरील सोव्हिएत संघ अजूनही अखंड आहे. मामांनी प्रथम नकाशा पसंत केला, कारण नकाशा ही त्यांच्या खात्याची वस्तू. त्यांनी मुंबईवर एक बोट ठेवले, सॅन फ्रान्सिस्कोवर दुसरे, आणि मधे दोरा ताणला. दोरा अरबस्तानावरून, सहाराच्या वाळवंटावरून, अटलांटिक ओलांडून, सबंध अमेरिका आडवी कापीत शिस्तीने पश्चिमेस गेला. मामा म्हणाले, "हा झाला सरळ रस्ता." मग मी तोच दोरा पृथ्वीच्या गोलावर धरला आणि ताणला. ताण बसताच तो दोरा पश्चिमेचा मार्ग सोडून घसरला, आणि हिमालय, सैबेरिया, उत्तर ध्रुवाजवळचा बर्फाळ समुद्र आणि अलास्का असा थेट पृथ्वीच्या टाळूवरून वळसा घेऊन कॅलिफोर्नियात उतरला. मामांनी दोरा तीनदा सोडला आणि तीनदा ताणला. तीनही वेळा तो टाळूवरूनच गेला.

गोलावरील दोन बिंदूंमधील सर्वात आखूड वाट ही त्या दोन बिंदूंतून जाणाऱ्या महावृत्ताचा तुकडा असते, आणि कागदावर पृथ्वी सपाट करताना ध्रुवांकडील मुलूख भरमसाट ताणला जात असल्यामुळे कागदावरील सरळ रेघ प्रत्यक्षात लांबचा फेरा ठरते, असे व्याख्यान मी ह्या संधीस दिले. मामांस ते रुचले नाही. चाळीस वर्षे आपण सपाट कागदावर जमिनी बसविल्या, त्या काय खोट्या होत्या की काय, असा त्यांचा सवाल. तेव्हा मला आमच्याच मुलखाशी नाते सांगणाऱ्या भास्कराचार्यांचे साह्य घ्यावे लागले. चाळीसगावाजवळच्या पाटण येथे त्यांच्या नातवाचा, चंगदेवाचा, शिलालेख आहे. शके १०७२, म्हणजे इसवी सन ११५० च्या सुमारास लिहिलेल्या 'सिद्धान्तशिरोमणी'त त्यांनी पृथ्वीचा परिघ ४,९६७ योजने दिला आहे, आणि पृथ्वी गोल असूनही आपणास सपाट का भासते ह्याचे कारणही सांगून ठेवले आहे. ते असे की, कोणत्याही वर्तुळाच्या परिघाचा शंभरावा भाग हा डोळ्यास सरळच दिसतो. पृथ्वीचा परिघ सुमारे ४०,००० किलोमीटर. त्याचा शंभरावा भाग ४०० किलोमीटर. आणि हे अंतर जवळजवळ पिंपळगाव ते मुंबई एवढे भरते.

"म्हणजे मुंबईपर्यंत पृथ्वी सपाट, आणि तिथून पुढं गोल," मामांनी निष्कर्ष काढला, आणि आपली संपूर्ण सेवा मुंबईच्या अलीकडे झाली असल्याचे स्मरून त्यांचा चेहरा निवळला.

परंतु दोऱ्याची वाट आणि विमानाची वाट ह्यांत पुन्हा अंतर आहे, हे सांगण्याचा प्रसंग लगेच आला. भूमीपासून दहाबारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वाऱ्याचे प्रचंड प्रवाह असतात. हिवाळ्यात पॅसिफिक महासागराच्या माथ्यावर त्यांचा वेग ताशी २०० किलोमीटरांच्याही पलीकडे जातो. ज्याने खळ्यावर उभे राहून धान्य उफणले आहे त्यास वाऱ्याच्या कोणत्या अंगास उभे राहावे हे शिकवावे लागत नाही, आणि वैमानिकही शेवटी तेच करतो. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने आपले दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकचा जुना मार्ग सोडून पॅसिफिकवरून नेले. तो मार्ग सुमारे १५,३०० किलोमीटरांचा, म्हणजे जुन्याहून हजार-चौदाशे किलोमीटरांनी लांब होता, आणि तरीही पाठीशी वारा असल्यामुळे विमान साडेचौदा तासांतच, म्हणजे आधीपेक्षा लवकर पोहोचले. लांबची वाट जवळची ठरली. हे ऐकून मामी प्रथमच संभाषणात पडल्या आणि म्हणाल्या, "पाण्याला जाताना मी रोज तेच करीत होते. चढाची वाट जवळची असती, पर लवकर कोण पोचतं?" मामींनी वातावरणशास्त्राचा एक सिद्धान्त हंडा कमरेवर घेऊन सिद्ध केला होता, आणि आमच्यापैकी कोणासही तो ठाऊक नव्हता.

मामांचे मन मात्र लगतच्या खातेदारांवरच अडून राहिले होते, आणि ह्या बाबतीत ते माझ्यापेक्षा शहाणे ठरले. १९४४ सालच्या शिकागो कराराच्या पहिल्याच कलमाने असे मान्य केले आहे की, प्रत्येक राष्ट्राची त्याच्या भूमीवरील आकाशावर पूर्ण आणि अनन्य सत्ता असते. म्हणजे जमिनीचा सातबारा आकाशापर्यंत चढला. ज्याची जमीन त्याचे आकाश, आणि ज्याचे आकाश त्याचा बांध! भांडण झाले की बांधावरून जाऊ द्यावयाचे नाही, ही रीत पिंपळगावच्या शिवारातून उचलली गेली असावी असे वाटण्याइतकी ती परिचित आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये पाकिस्तानने आपले आकाश बंद केले ते जुलैत उघडले. पुढे एप्रिल २०२५ मध्ये ते भारतीय विमानांस पुन्हा बंद झाले, आणि भारताने आपले आकाश त्यांच्या विमानांस बंद केले. पश्चिमेस जाणाऱ्या आमच्या विमानांस समुद्रावरून वळसा घालावा लागू लागला, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यास आंतरराष्ट्रीय पेचप्रसंग म्हटले. मामांनी बातमी वाचली आणि शांतपणे म्हटले, "वहिवाटीचा रस्ता अडवला. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६, कलम पाच. तहसीलदाराकडं अर्ज करायला पायजे." तो तहसीलदार कोठे बसतो, एवढाच प्रश्न जगाने अद्याप अनिर्णित ठेवला आहे.

आता त्या सोळा तासांकडे वळू. विमान कंपन्यांच्या वेळापत्रकात जो काल छापलेला असतो, तो विमान हवेत असण्याचा काल नसून, एका दारातून चाक हलल्यापासून दुसऱ्या दाराशी चाक थांबेपर्यंतचा काल असतो. धावपट्टीकडे रांगत जाणे, रांगेत तिष्ठणे आणि उतरल्यावर पुन्हा रांगत येणे हे सर्व त्यात धरलेले असते. ह्याचे एक गमतीदार प्रमाण म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी बेटांतील वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हा विमानप्रवास. जगातील सर्वात आखूड अशी ही नियमित विमानसेवा, अंतर २.७ किलोमीटर, आणि वेळापत्रकात काल दोन मिनिटांचा. मामांनी त्रैराशिक मांडून दाखविले की, हा वेग ताशी ८१ किलोमीटर पडतो, आणि भोकरदनच्या रस्त्यावर खड्डे नसतील तेथे आमची जीपही तेवढी जाते. उलट सिंगापूर–न्यूयॉर्क ही १५,३०० किलोमीटरांच्या वर अंतर असलेली सेवा सुमारे अठरा तासांच्या घरात पोहोचविते, तेव्हा तेथे विमान खऱ्या अर्थाने विमान होते. वाट जितकी आखूड, तितके विमान जमिनीवरील वाहनासारखे वागू लागते.

मात्र आमच्यासारख्यांचा प्रवास विमानाच्या दारापाशी सुरू होत नाही. विमानतळ ते विमानतळ हे अंतर गणिताने निर्दोष असेल. परंतु विमानतळावर राहतो कोण? मामा राहतात पिंपळगावात रेणुकामातेच्या छायेखाली, कन्या राहते तिच्या गल्लीत, आणि वेळापत्रक ह्या दोघांची विचारपूस न करता मधला तेवढा तुकडा मोजून मोकळे होते. मोजणी करताना दोन्ही टोकांची शेते सोडून केवळ मधल्या बांधाचे टिपण काढावे, तसा हा प्रकार.

प्रस्थानाच्या आदल्या दिवशी बॅगा मिरचीच्या अडतीवर नेल्या, कारण प्रत्येकी २३ किलोची मर्यादा होती आणि गावातील विश्वासू काटा तोच. पापड, कुरडया, शेवया, डिंकाचे लाडू, हळीव, बाळंतशोपा आणि बाळंतिणीच्या नावाखाली जावयासाठी नेलेले लोणचे ह्यांनी भरलेली पहिली बॅग काट्यावर ठेवताच अडत्याने सवयीने दोन किलो तूट धरली आणि एकवीसचा आकडा पुकारला. मामींस परमानंद झाला. त्यांनी तत्काळ दोन किलो तिखट वर दाबले. ही तूट धरण्याची उदार प्रथा मुंबईच्या विमानतळावरील काट्यास अवगत नसल्याचे दुसऱ्या दिवशी निष्पन्न झाले, आणि ते तिखट मला परत आणावे लागले. आजही आमच्या घरची भाजी त्या तिखटाची होते.

देवीचे दर्शन घेऊन, खणानारळाने ओटी भरून, बुधवारी सायंकाळी सहा वाजता आम्ही जीपने निघालो. आम्हांस जवळचा विमानतळ म्हणजे छत्रपती संभाजीनगरचा, चिकलठाण्याचा. तेथून मुंबई हवेतून जेमतेम २८० किलोमीटर. परंतु विमानातून विमानात बदलताना सामान हरवते असे मामांनी कोणाकडून तरी ऐकले होते, म्हणून रात्रीची बस पत्करली. सकाळी मुंबई, दुपारी बारापासून विमानतळावरील बाक, आणि गुरुवारी दुपारी चार वाजता विमान. मी बाहेरच्या दारातून हात हलविला. मामांनी हात हलविला नाही. ते इमारतीच्या खांबांमधील अंतर पावलांनी मोजीत आत गेले.

पुढील वृत्तान्त त्यांनी परतल्यावर सांगितला तो असा. तो मार्गशीर्षातला गुरुवार होता, आणि मामींचे मार्गशीर्षी गुरुवारचे महालक्ष्मीचे व्रत लग्नापासून अखंड चाललेले. विमानात घट मांडता आला नाही, तरी पोथी जवळ होती. ती त्यांनी खिडकीच्या उजेडात वाचली. विमान पूर्वेस निघाले असल्यामुळे सूर्य घाईघाईने मावळला. अंधार पडलेला पाहून मामींनी मनोमन नैवेद्य दाखविला आणि डब्यातील दशमीवर उपवास सोडला. रात्र सरली, पहाट झाली, पुन्हा दिवस चढला आणि पुन्हा कलला, आणि सोळा तासांनी जेव्हा विमान सॅन फ्रान्सिस्कोला उतरले तेव्हा तेथील घड्याळात सायंकाळचे साडेसहा वाजले होते. वार कोणता? गुरुवार. तारीख कोणती? निघाले तीच. कन्येने घरी घट मांडून ठेवला होता, आणि आई येईपर्यंत आपण काही खाल्ले नाही असे ती कौतुकाने सांगत होती. मामी घटाकडे पाहत राहिल्या. त्यांच्या हिशेबी तो गुरुवार आदल्या रात्रीच आटोपला होता.

भारताचे घड्याळ हिवाळ्यात तेथील घड्याळाच्या साडेतेरा तास पुढे असते, म्हणून मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत मामींचा तो गुरुवार साडेसदतीस तासांचा झाला, आणि त्यात सूर्य दोनदा मावळला. पाचशे वर्षांपूर्वी ह्याच गणिताने काही दर्यावर्दी लोकांस रडविले होते. मॅगेलनच्या तांड्यातील 'व्हिक्टोरिया' हे जहाज पश्चिमेच्या वाटेने पृथ्वीप्रदक्षिणा करून जुलै १५२२ मध्ये केप व्हर्द बेटांशी आले, तेव्हा जहाजावरील पिगाफेट्टा नामक इतिवृत्तकाराच्या रोजनिशीत बुधवार होता, आणि किनाऱ्यावरील लोक गुरुवार म्हणत होते. एक दिवसही न चुकता नोंद ठेवलेली, आणि तरी एक दिवस गहाळ! पश्चिमेकडे जाणाऱ्यास सूर्याबरोबर पळावे लागते, त्यामुळे त्याचा एक दिवस हातचा जातो. पूर्वेकडे जाणाऱ्यास सूर्य सामोरा येतो, त्यामुळे एक दिवस पदरात पडतो. त्या दर्यावर्द्यांचा हरवलेला वार गुरुवारच असल्यामुळे, तो पाच शतकांनी पॅसिफिक समुद्रावर आमच्या मामींस सापडला, असे मानण्यास मला काही हरकत दिसत नाही. मामींनी पुन्हा पोथी वाचली, पुन्हा आरती केली, आणि म्हणाल्या, "लक्ष्मी दोनदा दारात आली, तिला परत कोण धाडील?"

मामांनी मात्र घड्याळावरून निराळाच निकाल काढला. दुपारी चारला निघालो, सायंकाळी साडेसहाला पोहोचलो; म्हणजे मुंबई ते अमेरिका अडीच तास. पिंपळगावाहून छत्रपती संभाजीनगरला एस.टी.ने, गाडी वेळेवर मिळाली तर, तेवढे लागतातच. सहा महिन्यांच्या अंती परत येण्याची वेळ आली असती तर घड्याळाचा फरक साडेबारा तासांवर येऊन मामांचा हिशेब बिघडला असता. परंतु मिरचीच्या लागवडीची काळजी लागून ते माघातच परतले. येताना विमान मंगळवारी रात्री नऊ वाजता निघाले, वारा तोंडावर असल्यामुळे सतरा तास चालले, आणि मुंबईस उतरले तेव्हा गुरुवारच्या पहाटेचे साडेतीन वाजले होते. घड्याळाप्रमाणे येण्यास साडेतीस तास! जाताना अडीच, येताना साडेतीस. दुसरा कोणी असता तर गोंधळून गेला असता. परंतु हद्द एकदा इकडून आणि एकदा तिकडून मोजावी, आणि दोन्ही मापे न जुळल्यास मध्य काढावा, हा मोजणीतील जुना शिरस्ता. मामांनी मध्य काढला. अडीच आणि साडेतीस मिळून तेहतीस, त्याचे अर्धे साडेसोळा. आणि विमान खरोखर किती चालले होते? जाताना सोळा, येताना सतरा, मध्य साडेसोळा. तारीखरेषा, रेखांश, प्रमाणवेळ ह्यांपैकी एकही शब्द न उच्चारता मामांनी आकाशाची मोजणी मिनिटास मिनिट जुळवून दाखविली. तेहतीस ह्या आकड्यावर मात्र ते थोडे थबकले. त्यांच्या साखळीचे फूटही तेवढेच.

ह्या गोष्टीनंतर मी पारावरील वृद्धांकडे निराळ्या दृष्टीने पाहू लागलो. विमानविद्या एवढी वाढली, पण "किती लांब?" ह्या प्रश्नाचे उत्तर ती शेवटी तासांतच देते, आणि वारा बदलला की ते उत्तर बदलते, हे पाहिल्यावर 'दिवे लागायला पोचशील' ह्या वाक्याची थट्टा करण्याचा अधिकार मास्तर म्हणून माझ्यापाशी उरत नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात 'पेरिप्लस' लिहिणाऱ्या अनाम ग्रीक व्यापाऱ्याने आमच्या पैठणचा पत्ता सांगितला तोही असाच: भडोचहून दक्षिणेस वीस दिवसांची वाट, आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तेर. त्याच काळी आमच्या तालुक्याचे भोकरदन हे भोगवर्धन ह्या नावाने नांदते नगर होते. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई नगरात १९३८ साली हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. भोकरदनच्या उत्खननात तिच्याशी साम्य असलेली मूर्ती मिळाल्यामुळे ती येथेच कोरली गेली असावी, असे काही विद्वानांचे मत आहे. ते खरे असेल, तर आमच्या तालुक्यातून परदेशी गेलेली पहिली स्त्री तीच होय. तिला किती दिवस लागले ह्याची नोंद नाही, सामानाची मर्यादा तिला कोणी घातली नाही, आणि ती परत आलेली नाही. नेपल्सच्या संग्रहालयात ती उभी आहे.

मामा आले, हे आमचे भाग्य. आल्यावर त्यांनी जुन्या सरकारी वहीचे एक कोरे पान काढले, रकाने आखले आणि नोंद केली. घरातून बुधवारी सहाला निघून विमानाचे चाक हलेपर्यंत बावीस तास; विमानात सोळा; परवान्याच्या आणि सामानाच्या रांगेत दोन; मोटारीने लेकीच्या दारापर्यंत एक; एकूण एक्केचाळीस. प्रवास सोळा आणे धरल्यास त्यात विमानाचा वाटा सव्वासहा आणे, बाकी पावणेदहा आणे जमिनीचा. गावातील कोणी अमेरिका किती लांब म्हणून विचारू लागला, तर मामा आता चष्मा कपाळावर सरकवतात आणि सांगतात, "आज दिवेलागणीला निघालास, तर उद्या रातच्याला लेकीच्या घरी जेवायला." तो उद्या कोणत्या घड्याळाचा, हे ते मुद्दाम सांगत नाहीत.

वहीच्या त्या पानावर शेवटचा रकाना 'शेरा' असा आहे. त्यात मामांनी आपल्या वळणदार सरकारी अक्षरात लिहिले आहे: वहिवाट चालू.